पैसे देऊन काळं कोण होणार? मराठवाड्यात टॅनिंगचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत कुठल्याही ब्यूटी पार्लरचा दरफलक वाचा. 'डी-टॅन' वरच्या चार-पाच ओळींत असतंच. उन्हानं रापलेला रंग उतरवायला इथलं गिऱ्हाईक खुशीनं पैसे मोजतं. अशा गावात अंग सावळं करून देणारी सेवा सुरू करायची, तर परदेशी मॉडेलचे फोटो लावलेलं फ्लेक्स उपयोगाचं नाही. नवऱ्या मुली येणार नाहीत, कॉलेजची पोरं येणार नाहीत. पुण्या-मुंबईत थोडंफार फॅशन म्हणून चालतं, ते इथं चालेल असं गृहीत धरून मशीन घेतलं की ते सहा महिन्यांत विकायला काढावं लागतं.

तरीही हा व्यवसाय इथं उभा राहू शकतो, कारण दोन गिऱ्हाइकं अशी आहेत ज्यांना या रंगाची खरोखर गरज आहे. पहिले, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणारे. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत गव्हाळ अंगावरचे कट्स पुसून जातात. गडद, एकसारखा रंग असला तरच स्नायूंच्या रेषा परीक्षकांना दिसतात. दुसरे, अंगावर कोड असलेले लोक, ज्यांना हातावरचे, मानेवरचे पांढरे डाग चार-पाच दिवस आसपासच्या कातडीशी जुळवून हवे असतात. दोघांचं सामान जवळपास एकच, पण काम करण्याची रीत पूर्ण वेगळी.

रंग चढतो तो कसा

हे समजून घेतल्याशिवाय बाटलीला हात लावू नका, कारण पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघतात. टॅनिंगच्या द्रावणातला मुख्य घटक डायहायड्रॉक्सिॲसिटोन, धंद्यातल्या बोलीत डीएचए. ही तीन कार्बनची साधी साखर आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होते आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. तव्यावर भाकरीला जे तपकिरी डाग पडतात, त्यामागचं रसायन याच जातीचं. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात ईव्हा विटगेनस्टाइन लहान मुलांच्या एका आजारासाठी हा पदार्थ पोटातून देऊन बघत होत्या. औषध जिथे अंगावर सांडलं तिथे कातडी तपकिरी झाली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

यातून कामाच्या चार गोष्टी निघतात. रंग लगेच दिसत नाही; दोन-चार तासांनी उमटायला लागतो आणि पूर्ण चढायला आठ ते चोवीस तास घेतो. लावल्याबरोबर जो गडद रंग दिसतो तो ब्राँझर, म्हणजे नुसता वरचा रंग. कुठे लागलं, कुठे राहिलं हे कळावं म्हणून तो घातलेला असतो आणि पहिल्या अंघोळीत धुऊन जातो. तिसरं, मृत पेशी झडतात तसा रंग जातो: अंगावर पाच ते सात दिवस, चेहऱ्यावर आणि हातांवर तीन-चार दिवस. आणि जिथे कातडी जाड किंवा कोरडी, म्हणजे कोपर, गुडघा, घोटा, टाचेची कड, तिथे रंग जास्त बसतो.

काही द्रावणांत एरिथ्रुलोज नावाची दुसरी साखर असते. ती हळू चढते, थोडी तांबूस छटा देते. गव्हाळ, सावळ्या अंगाला हिरवट किंवा जांभळट बेस (मूळ छटा) असलेलं द्रावण बरं पडतं, त्यानं नारिंगीपणा दबतो. बाटलीवर डीएचएच्या टक्केवारीइतकंच बेसकडेही लक्ष द्या.

रंग चढला म्हणजे उन्हापासून पुरेसं संरक्षण मिळालं, असं अजिबात नाही. उलट पहिले चोवीस तास गिऱ्हाइकाला कडक उन्हात फिरू नका म्हणून सांगा.

सामान: आधी हातानं, मग मशीननं

सुरुवात मशीनपासून करू नका. पहिले दोन-तीन महिने तयार मूस (फेसाच्या रूपातलं द्रावण) किंवा लोशन, मखमली हातमोजा, चार इंची फोम रोलर आणि बारीक ब्रश एवढ्यावर काम होतं. हात बसला आणि गिऱ्हाईक दिसायला लागलं की एचव्हीएलपी प्रकारचं मशीन घ्या: मोठ्या प्रमाणात हवा, कमी दाब. त्यात टर्बाइन असतं, रंगकामाच्या कॉम्प्रेसरसारखी टाकी नसते. गाडी रंगवायची गन वापरून बघण्याचा मोह होईल, करू नका. तिचा दाब जास्त, थेंब जाड, आणि धुकं खोलीभर.

वीज हा आपल्याकडचा खास मुद्दा. टर्बाइन साधारण 600-700 वॉटचं असतं. घरातला 900 व्हीएचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. मोटार सुरू होतानाच तो ट्रिप होतो. अर्धं अंग रंगवून झालं आणि लाइट गेली तर दुसरा अर्धा भाग वेगळ्या छटेचा होतो. मोठा इन्व्हर्टर परवडत नसेल तर रोलर आणि मूस कायम हाताशी ठेवा आणि गावातल्या भारनियमनाच्या वेळा टाळून वेळ द्या.

द्रावण किती टक्क्यांचं घ्यायचं? गोऱ्या अंगाला 8 टक्के पुरतं, आपल्या गव्हाळ अंगावर ते जेमतेम दिसतं. स्टेजसाठी 12 ते 14 टक्क्यांची द्रावणं मिळतात. युरोपीय संघात अशा उत्पादनांना 10 टक्क्यांची मर्यादा आहे, हे लक्षात असू द्या आणि जास्त टक्क्यांचं द्रावण चाचणी न घेता वापरू नका. डागांच्या कामाला 5-6 टक्क्यांपासून सुरुवात.

बाकी यादी: गिऱ्हाइकाला उभं करायचा घडीचा तंबू, एक्झॉस्ट पंखा, तुमच्यासाठी एन-95 मास्क, त्यांच्यासाठी नाकातले फिल्टर आणि डोळ्यांवर लावायचे संरक्षक, एकदा वापरून टाकायच्या टोप्या व अंतर्वस्त्रं, बॅरियर क्रीम (नको तिथे रंग बसू नये म्हणून लावायचं), लिप बाम, काळे टॉवेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सत्तरच्या दशकापासून डीएचएला परवानगी दिली आहे ती फक्त बाहेरून लावायला. ओठ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि श्वासावाटे आत जाणं त्यात बसत नाही. म्हणून नाकातले फिल्टर हा चोचला समजू नका. दमा असलेल्या माणसाला फवारणी नकोच, त्याला हातानं लावा.

आता साठवण, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो. डीएचएला उष्णता आणि उजेड सोसत नाही. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. अशा खोलीत महिनाभर राहिलेलं द्रावण दिसायला तसंच असतं, पण रंग फिका चढतो किंवा हिरवट मारतो. बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. झाकण उघडल्याची तारीख मार्करनं लिहा आणि तीन-चार महिन्यांत संपवा. लिटरऐवजी पाव लिटरच्या बाटल्या थोड्या महाग पडतात, तरी त्याच घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर उन्हाळ्यात लागणारा माल जानेवारी-फेब्रुवारीत मागवा; एप्रिलमध्ये कुरिअरच्या बंद गाडीत दोन दिवस फिरलेल्या पार्सलचा भरवसा धरू नका.

खोली

दहा बाय दहाची खोली पुरते. फरशी असावी, पुसता आली पाहिजे. तापमान 22 ते 25 अंश. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: डेझर्ट कूलर चालणार नाही. तो ओली हवा फेकतो. नुकतं फवारलेलं अंग त्या हवेत वाळत नाही, थेंब जमतात, ओघळ उतरतात आणि दुसऱ्या दिवशी तेच ओघळ रंगीत पट्टे होऊन दिसतात. एसी लावा. तो होईपर्यंत उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री नऊनंतरची वेळ द्या.

गन धुवायला बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार नोझलमध्ये बसतात, त्यावर साखरेचं द्रावण वाळतं आणि पुढच्या वेळी गन थुंकायला लागते. जारचं पाणी कोमट करून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पन्नासेक मिली गनमधून फवारून काढा, सुई काढून पुसा. पाच मिनिटांचं काम आहे.

स्टेज टॅन: तीन दिवस आधीपासून

स्पर्धांचा मोसम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. शिवजयंतीच्या सुमारास तालुक्याच्या गावांतही स्पर्धा भरतात. आधी एक पाहा: स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा रंगाबाबत नियम काय? बोटानं पुसला की निघतो असा रंग अनेक ठिकाणी चालत नाही. नुसत्या ब्राँझरवर भागवणारी पोरं तिथेच अडकतात.

तयारीचा निरोप तीन दिवस आधी गेला पाहिजे. तो असा पाठवा:

"नमस्कार भाऊ. रविवारी स्पर्धा आहे, तर गुरुवारपर्यंत अंगावरचे सगळे केस काढून घ्या. गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी अंघोळीला घासणी वापरून अंग हलकं घासा. कोपर, गुडघे, घोटे नीट. शुक्रवारी अंघोळ झाल्यावर अंगाला काहीही लावू नका: तेल नाही, बॉडी लोशन नाही, डिओ नाही, पावडर नाही. संध्याकाळी येताना सैल काळा फुल बाहीचा टी-शर्ट, सैल पायजमा आणि चप्पल. बूट-मोजे नकोत. झोपायला जुनी गडद चादर घ्या. काही शंका असेल तर फोन करा, परस्पर काही लावू नका."

यातलं प्रत्येक वाक्य कारणासाठी आहे. वस्तरा रंग लावायच्याच दिवशी फिरवला तर केसांच्या मुळांत रंग बसून बारीक ठिपके दिसतात. डिओ राहिला तर काख हिरवट पडते. साबणाचा थर राहिला तर त्या जागी रंग कमी चढतो, म्हणून शेवटच्या अंघोळीत साबण कमी आणि धुणं जास्त. पहिल्यांदाच येणाऱ्याची चाचणी आठवडाभर आधी घ्या: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर द्रावण, 24 ते 48 तास वाट. खाज, पुरळ आलं तर काम नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला थर. तळवे, तळपाय, नखं यांना बॅरियर क्रीम. कोपर, गुडघे, घोटे यांना त्याचाच अगदी पातळ हात. ओठांना बाम. गन आधी कागदावर फवारून बघा: डाग गोल, बारीक धुक्याचा असावा. अंगापासून 15 ते 20 सेंटीमीटर अंतर, हाताचा वेग सेकंदाला साधारण फूटभर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पाठीपासून सुरुवात करा, मग पाय, मग पुढचा भाग, मग हात, शेवटी चेहरा. चेहऱ्याला डोळे मिटून, श्वास रोखून दोन हलके हात बास.

सरळ उभ्या माणसाला फवारलं तर घड्यांमध्ये पांढऱ्या रेषा राहतात. पैलवानी शरीरात घड्या जास्त, म्हणून त्याला पोझमध्ये उभं करा. डबल बायसेप्समध्ये काख आणि दंडाची आतली बाजू, लॅट स्प्रेडमध्ये बरगड्या, पुढे वाकवून नितंबाखालची घडी. गुडघे किंचित वाकलेले, कोपर दुमडलेलं. हाताचा पंजा वाघनखांसारखा आत वळवायला सांगा, म्हणजे बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या उघडतात. मग मनगटाकडून बोटांकडे एकच हलका फवारा. पहिल्या थराला 50-60 मिली लागतं, नव्वद किलोच्या वरच्या गड्याला थोडं जास्त. नंतर दहा-पंधरा मिनिटं नुसती हवा सोडून वाळवा.

शनिवारी सकाळी नुसत्या साध्या पाण्यानं अंग धुवायचं, साबण नाही, घासायचं नाही. दोन बादल्या पुरतात. तांब्यानं एकाच खांद्यावर पाणी ओतत बसलं तर तिथला रंग उतरतो, म्हणून सगळ्या अंगावरून हलका हात फिरवत, खाली जाणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. शनिवारी संध्याकाळी दुसरा थर, 40-50 मिली, आणि आता धुवायचं नाही. रविवारी सकाळी स्टेजआधी 20-30 मिलीचा हात, तोही मुख्यतः ब्राँझरचा. डीएचएला चढायला वेळच नसतो, त्यामुळे रविवारच्या थरावर भिस्त ठेवणं फुकट. स्पर्धेच्या दिवशी सकाळी धावत येऊन 'आज टॅन मारून द्या' म्हणणाऱ्याला स्पष्ट सांगा की मिळेल तो फक्त वरचा रंग.

शनिवारची रात्र ही सगळ्यात जोखमीची. लघवीला किंवा शौचाला गेल्यावर उडालेलं पाणी मांड्यांवर पांढरे ओघळ पाडतं. टिश्यू पेपर द्या, पाणी जपून वापरायला सांगा, भीड बाळगू नका. पाठीवर सॅक अडकवायची नाही; पट्ट्यांच्या खुणा उमटतात. मोटारसायकलवर चाळीस किलोमीटर येणाऱ्या स्पर्धकाच्या अंगावर घाम आणि धूळ मिळून नकाशा तयार होतो. म्हणून तालुक्यातून येणाऱ्यांना शनिवारीच स्पर्धेच्या गावी मुक्कामाला बोलवा आणि तिथे लॉजवर जाऊन थर द्या. लॉजच्या चादरी तुमच्या खर्चात जाऊ नयेत म्हणून जुन्या चादरी सोबत न्या.

स्टेजवरचं तेल अगदी शेवटी, दोन हातांना चोळून पुरेल एवढंच. जास्त झालं की तेलाबरोबर ब्राँझर वाहतो.

पांढऱ्या डागांचं काम

इथे तुम्ही सौंदर्यसेवा देता आहात, उपचार नाही. ही रेघ पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा.

पहिली पायरी: त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी असल्याशिवाय डाग झाकायचा नाही. प्रत्येक पांढुरका डाग म्हणजे कोड नसतो. शिबं असू शकतात, ती साध्या औषधानं जातात. आणि फिकट, कोरडा, स्पर्श न कळणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. असा सुन्न चट्टा तुम्ही रंगवून दिलात तर त्या माणसाचे उपचाराचे महिने वाया जातील. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. नाव न घेता, न घाबरवता, 'आधी डॉक्टरांना दाखवून या' एवढंच म्हणा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं: यांतलं कुठलं तरी एक बहुतेकांना गाठता येतं.

दुसरी: फोटोथेरपी, म्हणजे डागांवर किरणांचा उपचार, चालू असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा, कारण हा रंग काही प्रमाणात किरणं अडवू शकतो.

तिसरी, आणि ही पार्लरमधून येणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहत नाही: घासायचं नाही. स्टेज टॅनला जो स्क्रब चालतो तो इथे बंद. कोड असलेल्या कातडीला घर्षण किंवा जखम झाली की त्या जागी नवा डाग उठू शकतो. वॅक्सिंग नाही, घासणी नाही. ओल्या मऊ कापडानं टिपून कोरडं करा, बास.

आता लावणं. फवारणी नको, बारीक ब्रश किंवा कापसाची काडी. ब्राँझर नसलेलं पारदर्शक द्रावण घ्या. एक तर त्यानं कपडे खराब होत नाहीत, मानेवरच्या डागाचा रंग पैठणीच्या काठाला लागला तर भरपाई कोण करणार? पण खरं कारण दुसरं: ब्राँझर लावल्याबरोबर गडद दिसतो आणि तुम्हाला वाटतं झालं.

डागाच्या कडेपासून मिलिमीटरभर आत थांबा. रंग निरोगी कातडीवर गेला तर ती आणखी गडद होते आणि डागाभोवती कडं उमटतं, जे मूळ डागापेक्षा जास्त नजरेत भरतं. चुकून लागलंच तर ओल्या कापसानं लगेच टिपा. एक पातळ थर, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, दुसरा थर. पहिल्या बैठकीत दोनच. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी उभं करून छटा बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात नारिंगी निघतो. कमी वाटला तर आणखी एक थर किंवा एक पायरी वरची टक्केवारी. किती थर, किती टक्के, किती तासांनी काय छटा, हे प्रत्येकाच्या नावाच्या कागदावर लिहा. दोन-तीन बैठकांत त्या माणसाचा हिशेब पक्का होतो आणि मग दर चार-पाच दिवसांनी तोच. ओठ आणि पापण्यांचे डाग घेऊ नका. तळव्यांवर रंग ठिपके-ठिपके बसतो, तेही नको म्हणा.

लग्नाच्या कामात हळद आडवी येते. तेल-हळद लावून अंग चोळलं की रंग निम्मा उतरतो, आणि पांढऱ्या डागावर हळदीचा पिवळेपणा राहिला तर वरची छटा नारिंगीकडे झुकते. म्हणून हळदीचं न्हाणं उरकल्यावर रात्री लावा, सकाळपर्यंत चढतो. हळद आणि लग्न एकाच दिवशी असेल तर आदल्या रात्री जास्तीचा थर आणि मुख्य डागांना हळद न लावण्याचं घरच्यांशी बोलून ठेवा. दिवाळीच्या उटण्याचंही हेच. आणि कुठलीही मोठी तारीख असली तरी त्याआधी दोन आठवडे एक पूर्ण तालीम हवीच.

'पाहुणे मुलगी बघायला येणार आहेत, तेवढं झाकून द्या' अशी विनंती येईल. मुलीशी एकटीशी बोला. तिला हवं असेल तर करा, घरच्यांनी हाताला धरून आणलं असेल तर नाही म्हणा. हा रंग आठवड्यात जातो हे सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे पुढे 'तुम्ही बरं होईल म्हणाला होतात' ऐकावं लागत नाही. लहान मुलांचं काम डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नको.

बिघडलं तर

पट्टे: बहुतेक वेळा घाम किंवा ओली हवा, क्वचित हाताचा वेग. फिक्या पट्ट्यावर ब्रशनं भरा, गडद पट्टा ओल्या कापडानं हलका चोळा. नारिंगी छटा: टक्केवारी जास्त किंवा थर जास्त; उपाय वाट बघणं. कोपर-गुडघे काळे: लिंबाची फोड आणि थोडं तेल लावून चोळा, एका दिवसात फरक पडतो (कोडाच्या गिऱ्हाइकाला हे चालणार नाही, तिथे आपोआप जाऊ द्या). सगळाच रंग काढायचा असेल तर अंगाला तेल लावून अर्धा तास थांबून गरम पाण्यानं अंघोळ, दोन-तीन दिवस. तळवे रंगले तर गिऱ्हाइकानं घरी जाऊन केस विंचरले, टी-शर्ट ओढला असणार. निघताना ओला पुसण्याचा कागद हातात द्या.

दर, कागद, प्रचार

दर ठरवताना द्रावणाचा मिलीचा भाव काढा. समजा वाहतुकीसकट लिटर 7,000 रुपयांना पडलं, तर मिली 7 रुपये. स्टेजचे तिन्ही थर मिळून 110-140 मिली, म्हणजे 770 ते 980 रुपये, वर टाकाऊ सामान शे-दीडशे. तुमचा वेळ, वीज, खोलीभाडं अजून धरलेलंच नाही. गावच्या स्पर्धेत बक्षीसच काही हजारांचं असतं, तेव्हा एकट्या पोराला हा आकडा जड जातो. जिमच्या पाच-सहा जणांचा एकत्र दर द्या, एका संध्याकाळी ओळीनं घ्या. ज्याला तेही परवडत नाही त्याला रोलरनं एक थर, कमी पैशात. डागांच्या कामात उलटं आहे: बैठकीला दोन-तीन मिली, द्रावण वीस रुपयांचं, पण तुमचा तास जातो. आकारणी तासाची करा आणि महिन्याच्या बैठकांचा एकत्रित दर ठेवा. गिऱ्हाईक घरी लावायला शिकलं तर शिकू द्या. मात्र मोठ्या बाटलीतून साध्या बाटलीत भरून विकू नका. विकायचं तर कंपनीचं सीलबंद पॅकच.

कागदपत्रं फार नाहीत. कामगार मोजकेच असतील तर 2017च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. भांडवलाला मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, 50,000 रुपयांपर्यंतचं, सुरुवातीला पुरतं. परदेशी द्रावण घेताना बाटलीवर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. 2020च्या प्रसाधन नियमांनुसार आयात मालाला नोंदणी लागते. डीएचएची पावडर आणून घरी द्रावण बनवून विकणं म्हणजे विनापरवाना उत्पादन.

जाहिरातीत एक शब्द जपून. 'कोड घालवा', 'पांढरे डाग बरे करा' असं काहीही लिहू नका. 1954च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत कोड आहे. 'डाग तात्पुरते रंगवून जुळवून देतो, रंग तीन ते सात दिवस टिकतो' हे लिहिणं खरंही आहे आणि पुरेसंही. त्वचारोगतज्ज्ञांना भेटायला जा, स्वतःच्या हातावर रंगवलेला नमुना दाखवा, वापरत असलेल्या बाटलीचं लेबल ठेवून या. कमिशन देऊ करू नका. डॉक्टरांना ते घ्यायला व्यावसायिक नियमांनी मनाई आहे आणि चांगला डॉक्टर त्यावरूनच तुमची किंमत करेल.

जिममध्ये वेगळं चालतं. तिथे फोटो बोलतो. एका स्पर्धकाचा अर्धाच हात रंगवून जिमच्या आरशापुढे उभा करा, बाकी सांगावं लागत नाही. डाग झाकणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो मात्र लेखी परवानगीशिवाय मोबाइलमध्येसुद्धा ठेवू नका. लहान गावात ओळखीचं माणूस समोर येईल या भीतीनं ही मंडळी यायची थांबतात, म्हणून त्यांच्या वेळा जिमच्या पोरांपासून वेगळ्या ठेवा, मध्ये अर्ध्या तासाची फट, आणि फलकावर 'कोड' हा शब्द नको.

एप्रिल ते जून स्टेजचं काम आटतं आणि नेमकी तेव्हाच लग्नसराईतली डागांची कामं येतात. त्यामुळे फेब्रुवारीअखेर 12 टक्क्यांच्या नव्या बाटल्या मागवणं थांबवा, उरलेल्या संपवा, आणि फ्रिजमधली जागा 5-6 टक्क्यांच्या पारदर्शक द्रावणाला मोकळी करा.